इंजिन बदललेली गाडी तापते? पार्ट बदलण्याआधी तापमान मोजा



छोटा ट्रक किंवा पिकअप घेऊन मालवाहतुकीचा धंदा सुरू करायचाय, पण नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही. मग काय होतं? चेसिस दणकट, बॉडी बरी, पण इंजिन संपलेलं, अशी जुनी गाडी स्वस्तात मिळते. तिच्यात दुसरं डिझेल इंजिन बसवलं जातं. बऱ्याचदा आधीपेक्षा ताकदवान, टर्बोवालं. पहिले आठ दिवस गाडी पळते, मालक खूश. मग पहिला घाट येतो, काटा लाल पट्ट्याला टेकतो आणि ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहतो.

आजचा विषय हाच आहे. गाडी घेणाऱ्यांसाठी आहे आणि गॅरेज किंवा स्पेअर पार्टचं दुकान टाकू पाहणाऱ्यांसाठीही आहे. कारण या एका तक्रारीवर गिऱ्हाईक कायमचं जोडलं जातं किंवा कायमचं तुटतं.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. इंजिन बदलल्यानंतर गाडी तापायला लागली, तर दोष इंजिनातच असेल असं नाही. बहुतेक वेळा नवं इंजिन आणि जुन्या गाडीची कूलिंग यांची जुळणी झालेली नसते. जुळणी कुठे चुकली हे मोजल्याशिवाय कळत नाही. अंदाजाने पार्ट बदलत राहिलो तर बिल वाढतं, गाडी तापतच राहते.

आधी धंद्याचं गणित

माझ्या दुकानात आलेली एक केस सांगतो. गाडीमालक नाशिक भागातले. टोमॅटो आणि भाजी भरून रात्री वाशी मार्केटला जायचे आणि सकाळी भिवंडीहून परतीचं भाडं घेऊन यायचे. इंजिन बदललं, जुनं साधं काढून टर्बो आणि इंटरकूलरवालं बसवलं. जाताना काही त्रास नाही, कारण भरलेली गाडी कसारा घाट उतरते. येताना मात्र माल भरून तोच घाट चढायचा, आणि तिथे गाडी हीट व्हायची. शेवटी त्यांनी परतीचं भाडं घेणंच बंद केलं. रिकामी गाडी कशीबशी चढायची.

आता हिशोब करा. समजा परतीचं भाडं ४,००० रुपये आहे आणि महिन्यात १५ फेऱ्या होतात. म्हणजे ६०,००० रुपयांचा धंदा गेला. डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा खर्च तर रिकामं आलं तरी होतोच. या धंद्यात जाण्याच्या भाड्यात बराचसा खर्च निघतो आणि हातात उरतं ते परतीच्या भाड्यातून. म्हणजे तापणाऱ्या इंजिनाने त्यांचा नफाच खाल्ला होता.

माझ्याकडे येण्याआधी तीन ठिकाणी काम झालं होतं. एकाने थर्मोस्टॅट काढून टाकला होता. दुसऱ्याने रेडिएटर खोलून जाळी साफ केली होती. तिसऱ्याने वॉटर पंप नवा टाकला होता. तीन बिलं झाली, पण तापमान कोणीच मोजलं नव्हतं.

उष्णता येते कुठून, जाते कुठे

डिझेल जळल्यावर जी उष्णता तयार होते, तिचा जेमतेम तिसरा हिस्सा ते चाळीस टक्के भाग गाडी ओढायच्या कामी येतो. उरलेली काही सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि मोठा हिस्सा कूलंटमधून रेडिएटरला जातो. रेडिएटर ती हवेत सोडतो. सगळा खेळ एवढाच आहे.

आता ७५ हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी बनवलेला रेडिएटर आहे आणि आपण १०० हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं. पूर्ण जोर लावला की त्याच जाळीने आता साधारण तिसऱ्या हिश्श्याने जास्त उष्णता फेकायची. त्यात इंटरकूलर बहुतेक वेळा रेडिएटरच्या पुढे लागतो, म्हणजे जाळीपर्यंत येणारी हवा आधीच गरम झालेली.

घाटात हे लगेच उघडं पडतं. पाच टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला ५ मीटर चढ, ताशी ३० च्या वेगाने चढायला सपाट रस्त्यावर त्याच वेगाला लागते त्याच्या चार ते पाच पट ताकद लागते. वेग कमी, म्हणून समोरून येणारी हवा कमी. उष्णता मात्र भरपूर. अशा वेळी सगळी भिस्त पंख्यावर.

उन्हाळ्याचाही हिशोब बघा. कूलंट ९५ अंशांवर आहे आणि बाहेरची हवा २५ अंश, तर फरक ७० अंशांचा. विदर्भात मे महिन्यात हवा ४५ अंशांवर गेली की फरक ५० चा. रेडिएटर उष्णता फेकतो ती या फरकाच्या जोरावर. म्हणजे त्याच जाळीची ताकद पाव हिश्श्याहून जास्त कमी झाली. ‘थंडीत गाडी बरी होती’ असं गिऱ्हाईक म्हणतं, त्याचं कारण हे आहे.

पहिला प्रश्न: गाडी कधी तापते?

बॉनेट उघडण्याआधी ड्रायव्हरशी बोला. मालकाशी नाही, जो स्टिअरिंगवर बसतो त्याच्याशी. ‘दादा, नक्की कधी तापते?’ एवढं विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

• ट्रॅफिकमध्ये, उभ्या गाडीला तापते आणि हायवेला लागली की ठीक होते: पंखा, बेल्ट किंवा पंख्याभोवतीचं काऊल बघा. पळत्या गाडीला हवा आपोआप मिळते, उभ्या गाडीला नाही.

• हायवेला वेगात तापते, शहरात ठीक: कूलंटचा प्रवाह किंवा रेडिएटरची क्षमता बघा. खालचा होज पाइपही बघा. मऊ पडलेला पाइप जास्त आरपीएमला पंपाच्या ओढीने आत चिपकतो. गाडी थांबवून बघाल तर तो नीटच दिसेल.

• फक्त घाटात, लोड असताना तापते: क्षमता कमी आहे, हवा कमी आहे किंवा प्रवाह कमी आहे. इथे मोजल्याशिवाय निर्णय नाही.

• थंड गाडी चालू केल्यावर थोड्याच मिनिटांत रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, होज दगडासारखा कडक होतो: हेड गॅस्केट किंवा हेडच्या क्रॅकमधून सिलिंडरचा गॅस पाण्यात येत असण्याची शक्यता मोठी आहे. यासाठी रंग बदलणाऱ्या द्रवाचं किट मिळतं. रेडिएटरच्या तोंडातली हवा त्यातून ओढायची. गॅस असेल तर द्रवाचा रंग बदलतो.

• काटा एकदम वर जातो, एकदम खाली येतो: सिस्टिममध्ये हवा अडकलेली असू शकते, किंवा वायरिंग ढिली असू शकते.

दुसरा प्रश्न: गाडी खरंच तापते का?

इंजिन बदललेल्या गाडीत हा प्रश्न आधी सोडवायचा. इंजिन एका गाडीचं, डॅशबोर्ड दुसऱ्या गाडीचा. नव्या इंजिनावरचा तापमानाचा सेन्सर जुन्या गाडीच्या मीटरशी जुळतोच असं नाही. इंजिन ८८ अंशांवर असतं आणि काटा लाल दाखवतो. उलटंही होतं, आणि ते जास्त धोक्याचं. इंजिन उकळतंय आणि काटा मध्यावर शांत!

म्हणून स्वतःच्या सेन्सरसह येणारा वेगळा गेज तात्पुरता बसवा. इन्फ्रारेड गनही चालते, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती चुकीचा आकडा देते. त्या जागी काळी चिकटपट्टी लावा आणि पट्टीवर नेम धरा.

तिसरा प्रश्न: वरचा आणि खालचा पाइप काय सांगतो?

आता मुख्य तपासणी. वायरवाले दोन डिजिटल थर्मामीटर घ्या. एकाचं टोक रेडिएटरच्या वरच्या नळीला, जिथून गरम कूलंट येतो, तिथे धातूवर घट्ट बांधा. दुसरं खालच्या नळीला, जिथून थंड होऊन परत जातो. वायर पंखा आणि बेल्टपासून लांब ठेवून केबिनमध्ये आणा. गाडी लोड करा आणि घाट चढा. ड्रायव्हरने रस्त्याकडे बघायचं, शेजारी बसलेल्याने आकडे लिहायचे.

लोडवर दोन्ही टोकांमध्ये साधारण ५ ते १० अंशांचा फरक असतो. त्यावरून असं वाचायचं:

फरक खूप मोठा, २० अंशांच्या आसपास: जाळीतून जाणारा कूलंट नीट गार होतोय, पण जातोय फारच कमी. प्रवाह अडलाय किंवा दुसऱ्या वाटेने पळतोय. जाळी चोकअप, बेल्ट स्लिप, पंप, थर्मोस्टॅट किंवा चिपकलेला होज.

फरक कमी, पण दोन्ही आकडे चढेच: कूलंट भरपूर फिरतोय, हवाच त्याची उष्णता नेत नाही. पंखा, काऊल, बाहेरून चिखल-कचऱ्याने भरलेली जाळी, किंवा रेडिएटरच लहान.

हे दोन आकडे मिळाले की निम्मे पार्ट संशयातून बाहेर पडतात.

त्या गाडीचं काय निघालं

वेगळा गेज लावला. घाटात १०६ अंश. म्हणजे हीटिंग खरं होतं, मीटर खोटं बोलत नव्हता. वरची नळी १०२, खालची ८०. फरक २२ अंशांचा. प्रवाह कमी! पण जाळी नुकतीच साफ झालेली, पंप नवा, बेल्ट कडक. मग उरलं काय? काढून टाकलेला थर्मोस्टॅट.

इथे मोठा गैरसमज आहे. ‘थर्मोस्टॅट काढला की पाणी मोकळं फिरतं आणि गाडी थंड राहते’ असं खूप मिस्त्री मानतात. पण अनेक डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट दोन कामं करतो. गरम झाल्यावर रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी खालच्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा. गरम कूलंट रेडिएटरला न जाता जवळच्या वाटेने परत इंजिनात फिरतो.

त्या इंजिनाचाच योग्य थर्मोस्टॅट बसवला. बसवण्याआधी पातेल्यात पाणी तापवून तपासला. सुमारे ८२ अंशांना उघडायला लागला, म्हणजे ठीक. पुन्हा तेवढाच लोड, पुन्हा तोच घाट. नळ्यांमधला फरक ६ अंशांवर आला, इंजिन १०० वर. सुधारलं, पण काम संपलं नव्हतं. आता प्रवाह चांगला आणि आकडे चढे, म्हणजे हवेची अडचण.

टेप घेऊन मोजलं. नवं इंजिन लांबीला वेगळं असल्यामुळे मागे सरकवून बसवलेलं. त्यामुळे पंखा जाळीपासून चांगला वीतभर लांब गेलेला. जुनं काऊल बसेना म्हणून काढून ठेवलेलं. असा पंखा जाळीतून हवा ओढत नाही, आजूबाजूची गरम हवाच घुसळत बसतो. पत्र्याचं नवं काऊल बनवून घेतलं. जाळीच्या पूर्ण मापाचं, कडेने रबर लावून बंद केलेलं, पंख्याची पाती साधारण निम्मी आत आणि निम्मी बाहेर राहतील असं. तिसऱ्या फेरीत घाटमाथ्यावर ९४ अंश.

या कामात मोठा पार्ट एकही लागला नाही. एक थर्मोस्टॅट, पत्र्याचं काम आणि तीन फेऱ्या. मे महिन्यात फुल लोड ओढायचा असेल तर जाडीला एक ओळ जास्त असलेली जाळी टाकावी, हे मालकांना लिहून दिलं. त्यांनी ती मार्चमध्ये टाकली. परतीचं भाडं त्याआधीच सुरू झालं होतं.

इंजिन बदलताना हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी

रेडिएटरची उंची. नव्या इंजिनाचा पाण्याचा वरचा आउटलेट रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंच असेल तर हवा इंजिनाच्या डोक्यातच अडकते. अशा वेळी वेगळी टाकी सिस्टिमच्या सगळ्यात उंच जागी लावा आणि हवा निघायची बारीक नळी तिला जोडा.

झाकण. रेडिएटर कॅप हा छोटा पार्ट, पण त्याचं काम मोठं. साधं पाणी १०० अंशांना उकळतं, नाशिक-पुण्याच्या उंचीवर थोडं आधीच. सिस्टिममध्ये १ बार जादा दाब राहिला तर तेच पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. कॅपचं रबर गेलं की हे संरक्षण गेलं. आणि गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच पाणी उकळून अंगावर येतं.

पंप आणि पंख्याची दिशा. बेल्टची मांडणी बदलली तर पंप उलटा फिरू शकतो. इलेक्ट्रिक पंखा लावला असेल तर तो हवा इंजिनाकडे ओढतोय ना, हे जाळीला कागद लावून बघा.

कूलंट. बोअरवेलच्या पाण्याने जाळीत आणि इंजिनात क्षार बसतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. जुना कूलंट गटारात किंवा उघड्यावर टाकू नका. चवीला गोड असतो, पण विषारी आहे. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

गिअर. ताकद आहे म्हणून ड्रायव्हर घाटात वरच्या गिअरमध्ये रेटत राहतो. आरपीएम पडला की पंपही मंद आणि पंखाही मंद. एक गिअर खाली घ्यायला सांगा.

कागदपत्रं. इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे. आरटीओची परवानगी आधी घ्या, आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीला कळवा. जुन्या इंजिनाचं पक्कं बिल घ्या. अपघाताच्या क्लेमच्या वेळी नंबर जुळला नाही तर वाचवलेले पैसे तिथेच जातात.

यातून तुमच्या धंद्यासाठी काय घ्यायचं

एक, तपासणी विका. वेगळा गेज, दोन थर्मामीटर, इन्फ्रारेड गन आणि गॅस तपासायचं किट ही छोटी गुंतवणूक आहे. ‘हीटिंग तपासणी’ असा ठरलेला दर बोर्डावर लिहा. काम आपल्याकडेच झालं तर तो बिलात वजा करा. फुकट तपासणी केली की ती वसूल करायला पार्ट विकावा लागतो, आणि मग नको असलेला पार्टही विकला जातो.

दोन, एका वेळी एकच बदल. स्वस्त आणि सोपं आधी, महाग नंतर. प्रत्येक बदलानंतर तोच रस्ता, तेवढाच लोड, पुन्हा आकडे. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

तीन, जॉब कार्ड ठेवा. तारीख, बाहेरचं तापमान, लोड, आधीचे आकडे, नंतरचे आकडे. गिऱ्हाइकाच्या हातात ‘१०६ चे ९४ झाले’ असा कागद दिला की घासाघीस कमी होते. सहा महिन्यांनी तो परत आला तर सुरुवात शून्यातून होत नाही.

चार, इंजिन बदलण्याचं कोटेशन देताना रेडिएटर, काऊल, होज, सेन्सर आणि आरटीओचं काम त्यातच धरा. आकडा मोठा दिसेल, शेजारचा स्वस्तात करून देईल. तरी गिऱ्हाइकाला समजावून सांगा. नाहीच पटलं तर काय काय वगळलंय ते कोटेशनवर लिहा आणि सही घ्या.

पाच, गाडी तुमची असेल तर ड्रायव्हरला एक नियम घालून द्या. काटा लाल झाला की लोड काढायचा, सुरक्षित जागी बाजूला घ्यायची, पुढे रेटायची नाही. ‘आता दोनच किलोमीटर’ म्हणून रेटलेल्या गाडीचं हेड वाकतं, गॅस्केट उडतं, आणि काऊलच्या पत्र्यात भागणारं काम इंजिन खोलण्यापर्यंत जातं.

तुमच्याकडे अशी गाडी असेल तर या आठवड्यात एक काम करा. ड्रायव्हरला विचारून ‘कधी तापते’ हे एका कागदावर लिहा आणि दोन्ही नळ्यांचं तापमान लोडवर मोजा. मग ते दोन आकडे घेऊन मिस्त्रीकडे जा. बोलणं ‘काय काय बदलायचं?’ इथून सुरू होणार नाही, ‘प्रवाह कमी आहे की हवा?’ इथून सुरू होईल. तिथेच तुमचे निम्मे पैसे वाचतील.